एक वर्ग, एक मास्तर : अमिरातीच्या युवा फुटबॉल संघाची गोष्ट

आमच्या धाकट्या चिरंजीवांचा जन्म अबू धाबीचा. परवा फुटबॉलच्या शिकवणीवर्गाचा फॉर्म भरताना तो राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी अडला आणि त्याने विचारले, "बाबा, मी इथेच जन्मलो, इथेच खेळतो. मग मोठा झाल्यावर इथल्या अंडर-सेव्हन्टीन संघात मला का नाही घेणार?"

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेतल्या तालमींचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला की अर्धे शहर तिथे लोटते. पेठेत वाढलेला पोरगा पेठेचा, एवढे साधे गणित घेऊन मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना. पुढे इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली आणि आता सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतो, तेव्हा कुठलीही गोष्ट मुळापासून पाहायची खोड आहेच. म्हणून या देशाच्या युवा संघाचा इतिहासच चाळायला घेतला. त्यात जे सापडले ते आपल्या मंडळातल्या पालकांच्याही उपयोगाचे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवातीचे दिवस

अमिरातीची स्थापना डिसेंबर १९७१ मध्ये झाली. जेमतेम साडेतीन महिन्यांनी, १७ मार्च १९७२ रोजी रियाध येथे या देशाचा राष्ट्रीय संघ पहिला सामना खेळला आणि कतारला १-० असे हरवून मोकळाही झाला. पुढे १९९० साली इटलीतल्या विश्वचषकापर्यंत मजल गेली. पात्रता मिळवून दिली ब्राझीलच्या मारिओ झगालो यांनी आणि प्रत्यक्ष स्पर्धेत प्रशिक्षक होते त्यांचेच देशबांधव कार्लोस आल्बेर्तो परेरा. कोलंबिया, पश्चिम जर्मनी आणि युगोस्लाव्हिया या तिघांनीही अमिरातीला हरवले, पण दोन गोल झाले आणि सबंध देशाला फुटबॉलचे वेड लागले. मात्र ती पिढी थकली आणि मागे उभे राहायला कोणी नव्हते. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही विश्वचषकात हा संघ पोहोचू शकला नाही.

मागे उभे राहणारे तयार होतात ते वयोगटांच्या संघांत. वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाली. सोळा वर्षांखालील मुलांची १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली आणि १९९१ पासून ती सतरा वर्षांखालील झाली. वय मोजले जाते १ जानेवारीपासून. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात. त्या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटे उंची आणि दुप्पट दम! निवडीत जानेवारी-फेब्रुवारीवाली मुले अधिक दिसतात ती यामुळेच. वय लपवण्याचे प्रकारही पुष्कळ झाले. अखेर २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून फिफाने मनगटाच्या एमआरआय तपासणीचा मार्ग काढला. मनगटाजवळच्या हाडाची वाढपट्टी पूर्ण जुळली असेल, तर मुलगा सतराच्या पुढचा असण्याची शक्यता फार मोठी. कागद खोटा करता येतो, हाड नाही.

घरची स्पर्धा

२००३ साली वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा अमिरातीत भरली. ती खरे तर त्या वर्षीच्या वसंतात व्हायची होती, पण इराकचे युद्ध पेटल्याने नोव्हेंबर-डिसेंबरवर गेली. सलामीला स्लोव्हाकियाने यजमानांना ४-१ असे झोडपले. तरीही मुले सावरली, बाद फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेली आणि तिथे कोलंबियाकडून एका गोलने हरली. विजेतेपद ब्राझीलने नेले, पण सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो अमिरातीच्या इस्माईल मतरला. त्या स्पर्धेत स्पेनकडून इनिएस्ता खेळत होता हे लक्षात घेतले म्हणजे या मानाचे मोल कळते.

पण एक मतर म्हणजे संघ नव्हे. संघ घडला तो पुढे, आणि त्याचे श्रेय जाते महदी अली यांना. हे स्वतः राष्ट्रीय संघाचे माजी खेळाडू आणि शिक्षणाने इंजिनिअर. अरबी वृत्तपत्रे त्यांचा उल्लेख 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर असाच करीत. (आम्हा बिरादरीवाल्यांची कॉलर उगाच ताठ होते!) नोव्हेंबर २००८ मध्ये दम्माम येथे त्यांच्या एकोणीस वर्षांखालील संघाने उझबेकिस्तानला २-१ असे हरवून आशियाचे विजेतेपद मिळवले. मी इथे येऊन तेव्हा महिनाच झाला होता. दुसऱ्या कामाच्या दिवशी ऑफिसात एका अमिराती सहकाऱ्याने खजुराची मिठाई वाटली आणि सांगितले, "ही मुले लक्षात ठेव." मला एकाचेही नाव उच्चारता येत नव्हते.

पण तो खरे बोलला. २००९ साली इजिप्तमध्ये याच मुलांनी जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि कोस्टारिकाकडून जादा वेळेत २-१ असा पराभव पत्करला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत रौप्यपदक मिळाले. २०१२ साली लंडनला अमिरातीचा फुटबॉल संघ प्रथमच ऑलिंपिक खेळला. २०१३ मध्ये बहरीनला गल्फ कप जिंकला आणि २०१५ च्या आशिया चषकात जपानला पेनल्टींवर घरी पाठवून तिसरा क्रमांक पटकावला. अहमद खलील, ओमर अब्दुलरहमान, अली मबखूत ही सगळी याच पिढीतली नावे. खलील २०१५ साली आणि ओमर २०१६ साली आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या सर्व वाटचालीत प्रशिक्षक एकच, महदी अली. आपल्याकडे जुन्या शाळांत एखादा मास्तर पाचवीचा वर्ग घ्यायचा आणि त्याच वर्गाबरोबर एकेक इयत्ता चढत दहावीपर्यंत जायचा. कोण कुठे अडतो, कोणाला रागावायचे आणि कोणाला चुचकारायचे हे त्याला पाठ असे. अमिरातीने नेमके हेच केले. जिथे दहा रहिवाशांत मूळ नागरिक जेमतेम एक, तिथे निवडीला मुले थोडीच. तेव्हा हाताशी असलेली मुले सात-आठ वर्षे एकत्र ठेवणे हाच शहाणपणा होता.

याची उलटी बाजूही इथेच दिसली. २०१३ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक अमिरातीत झाला. मैदाने उत्तम, पण यजमान तिन्ही सामने हरले, ब्राझीलकडून तर ६-१ असे. २०१७ साली भारताने तीच स्पर्धा भरवली आणि आपलीही तीच गत झाली. यजमानपदाने मैदान मिळते, संघ मिळत नाही. मार्च २०१७ मध्ये महदी अली पायउतार झाले, आणि मागून तसा दुसरा वर्ग वर आला नाही. पुढे २०२० च्या सुमारास ब्राझील, अर्जेंटिनात जन्मलेल्या, इथे खेळून मुरलेल्या प्रौढ खेळाडूंना नागरिकत्व देऊन राष्ट्रीय संघात घ्यावे लागले.

आणि आपली मुले?

आता चिरंजीवांचा प्रश्न. राष्ट्रीय संघासाठी फिफाची पहिली अट नागरिकत्वाची, आणि इथे केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही. ओमर अब्दुलरहमानचा जन्म रियाधचा. अल ऐनच्या क्लबने त्याला हेरले, कुटुंबाला इथले नागरिकत्व मिळाले, म्हणून तो अमिरातीचा झाला. पण असे दार क्वचितच उघडते. आपल्या मुलांच्या हाती भारताचा पासपोर्ट आहे, आणि तो काही कमी नाही. २०१७ च्या भारतीय संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तसा अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता.

मात्र खरी अडचण पासपोर्टची नाही, आपली आहे. थोरला आठवीपर्यंत छान खेळत असे. नववीत गेल्याबरोबर मीच त्याचे खेळणे बंद करून शिकवणी लावली. गुण चांगले मिळाले. पण संध्याकाळी खाली मैदानावर चेंडूचा आवाज आला की तो खिडकी लावून घेई, हे मी पाहिले आहे. जो वर्ग आठ वर्षे चालायचा, त्यातून आपण मूल चौथ्या वर्षी काढून घेतो आणि मग आपल्यात खेळाडू का नाहीत म्हणतो.

१० जानेवारी २०१९ रोजी झायेद स्पोर्ट्स सिटीत आशिया चषकाचा भारत-अमिरात सामना आम्ही पाहिला. आपण २-० असे हरलो. निळा शर्ट घातलेला धाकटा आधी रडला आणि मग मबखूतच्या गोलवर टाळ्याही वाजवून गेला.

परवा त्याला हे सारे समजावून सांगितले. त्याने ऐकले, आणि फॉर्म पुढे ओढून राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय' लिहिले, जन्मस्थळापुढे 'अबू धाबी'. शेवटी पालकाची सही होती, किती वर्षांसाठी प्रवेश हवा या रकान्याखाली. मी दहावीच्या वर्षासकट सगळ्या वर्षांवर खूण केली आणि सही ठोकली.