बॅकअपला कुलूप घातलं, पण किल्ली कुणाकडे?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाची ही लिहिलेली आवृत्ती.

आपल्या वाळूज एमआयडीसीत माझ्या मित्राच्या मोठ्या भावाचं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी मशीन, आठ माणसं. सगळा धंदा एका कॉम्प्युटरवर: टॅलीचा डेटा, कामगारांचे आधार नंबर, बँक खाती आणि मोठ्या कंपन्यांनी विश्वासानं दिलेली पार्ट्सची ड्रॉइंग्ज. रोज रात्री हे सगळं क्लाउडवर जातं. मी विचारलं, "दादा, एन्क्रिप्ट करून पाठवता का?" ते म्हणाले, "अकाउंटला पासवर्ड आहे की!"

बहुतेकांचा घोळ इथंच होतो. अकाउंटचा पासवर्ड म्हणजे गोदामाच्या दाराचं कुलूप. दार उघडलं की आतला माल जसाच्या तसा समोर. क्लाउड कंपन्या डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतात हे खरं, पण साधारणपणे त्याची किल्ली त्यांच्याकडेच असते. आणि तुमच्या नावानं जो लॉगिन करेल, त्याला सगळं उघडूनच मिळतं. म्हणून फाइल आपल्या कॉम्प्युटरवरून निघायच्या आधीच एन्क्रिप्ट झाली पाहिजे. मग वर जातो तो नुसता अगम्य गोंधळ. ड्रॉइंग चोरलं तरी चोराच्या हाती काही लागत नाही.

तुमच्या फोनमध्येच याचं उदाहरण आहे. व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये चॅट बॅकअपसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची सोय आणली. सेटिंग्जमध्ये जाऊन ती आपण चालू करायची. पासवर्ड ठेवा, नाहीतर ६४ अंकी किल्ली घ्या. दोन्ही हरवलं तर व्हॉट्सॲपसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. कडक वाटतं, पण सुरक्षितता हीच आहे राव!

कुलूप कोणतं, याची फार काळजी नको. एईएस हे २००१ पासूनचं अमेरिकी सरकारी मानक, मूळ रचना दोन बेल्जियन संशोधकांची. त्यातल्या २५६ बिटच्या प्रकारात किती किल्ल्या शक्य आहेत? तो आकडा ७८ अंकी आहे. एकेक करून बघत बसणं विसराच. सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअरही हेच कुलूप लावतं. फक्त फाइलची नावं लपवायच्या पर्यायावर टिक करा, नाहीतर "पगार_मार्च" हे नाव बाहेरूनच दिसतं. चोर कुलूप फोडत नाही, तो पासवर्ड ओळखतो. दुकानाचं नाव आणि पुढं १२३ असेल, तर ७८ अंकांचा काय उपयोग? त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडा.

आता दुसरी बाजू. किल्ली नसलेलं एन्क्रिप्शन म्हणजे सरळ नाश. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' हा व्हायरस जगभर पसरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. वरवर खंडणीचा प्रकार, पण पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कच्या नेटवर्कचा कणा असलेल्या सर्व्हरांपैकी एकच धड वाचला, तो घानामधला. का? तर तिथं तेव्हा लाइट गेली होती! लोडशेडिंगचा असा फायदा आपल्याला कधी झालाय का, सांगा.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या. एन्क्रिप्शन डेटा वाचू देत नाही, पण तो खराब होण्यापासून वाचवत नाही. व्हायरस तुमच्या कुलूपबंद फाइलवर स्वतःचं दुसरं कुलूप ठोकू शकतो, आणि सिंक चालू असेल तर तीच बिघडलेली फाइल क्लाउडवरही जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या राहतील अशी सेवा घ्या आणि एक कॉपी कॉम्प्युटरला न जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा.

कायद्याचंही एका वाक्यात: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

देवगिरीची गोष्ट माहीतच असेल. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाचा वेढा पडला, तेव्हा घाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. पोती होती, मोजलेली होती, फक्त उघडून कुणी बघितली नव्हती. दादांना मी तेवढंच सांगितलं: महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर क्लाउडवरचा बॅकअप उतरवा, पासवर्ड टाका, टॅली उघडते का बघा. आणि पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये. वहिनींना माहीत असू द्या. त्यांनी परवा करून बघितलं. डाउनलोडलाच पावणेतीन तास लागले. आता ते हार्ड डिस्क घ्यायला निघालेत.