वरच्या मजल्यावरची सायकल आणि खालच्या मजल्यावरची झोप

बीड, गेवराई, माजलगाव, परळी या गावांच्या बाजारपेठेत आपल्या व्यापारी कुटुंबांची घरे बहुधा एकाच घडणीची असतात. खाली दुकान, त्यामागे आई-वडिलांची खोली आणि वर मुलांचे बिऱ्हाड. अशा घरांत अलीकडे एक नवे साधन दाखल होऊ लागले आहे. सायकलचे मागचे चाक जमिनीपासून उचलून धरणारी ही लोखंडी चौकट असून तिला सारे ‘ट्रेनर’ म्हणतात. तीवर सायकल बसवली की जागचे न हलता तासभर पायडल मारता येते.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खंडपार स्पर्धा जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा घरोघरी पोहोचली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत रस्ते बंद झाले आणि सायकल घरात आली. त्याच वर्षी डिसेंबरात घरबसल्या सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरली. आपल्याकडची कारणे मात्र अधिक साधी आहेत. दिवसभर गादीवर बसून धंदा करणाऱ्याला वैद्यांनी व्यायाम सांगितलेला असतो. धुळे-सोलापूर महामार्गावर पहाटेही ट्रकांची रांग असते. आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर उन्हात बाहेर पडवत नाही.

तक्रार सुरू होते ती खालून. पहाटे पाच वाजता वर चाक फिरू लागले की खाली कपाटातील बरण्या किणकिणतात, सामायिकास बसलेल्या आईचे चित्त विचलित होते आणि आजारी माणसाची झोप मोडते. वरच्या मुलाला हे खरेच वाटत नाही. ‘आवाज तर फारसा नाही’ असे तो म्हणतो, आणि त्याच्या जागेवरून ते खरेही असते. वर कानाला ऐकू येणारा आवाज हवेतून येतो; खाली पोहोचतो तो हादरा चौकटीच्या पायांतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून भिंतीत उतरलेला असतो. हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पुष्कळ लोक भिंतींना फोम लावण्यात पैसे घालवतात. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, खालच्या माणसाला काडीचाही लाभ होत नाही.

हादऱ्याचेही पुन्हा दोन प्रकार पडतात. ट्रेनरच्या रोलरचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर ताशी २५ किलोमीटर वेगाला तो सेकंदाला सुमारे ७४ फेरे घेतो. ही झाली बारीक घरघर. दुसरीकडे, मिनिटाला ८० फेरे पायडल मारणारा माणूस दोन पायांनी मिळून १६० दाब देतो, म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा थोडे कमी. हा झाला संथ धक्का. रबर दबून जो लवचीकपणा देते, त्याची स्वतःची एक लय असते. वजनाखाली रबर ३ मिलिमीटर दबले तर ती सेकंदाला सुमारे ९ आंदोलनांची भरते. या लयीपेक्षा बऱ्याच जलद कंपनांना रबर अडवते, त्याहून संथ धक्क्यांना अडवत नाही, आणि लय जुळली तर उलट वाढवते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हात लावला की तो कसा चढत जातो, तसेच हे आहे. म्हणून रबर घरघरीवर उत्तम चालते. पायडलच्या धक्क्यावर कोणतीही चटई चालत नाही, मग ती कितीही महाग असो.

धक्क्यासाठी दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली जागा. खोलीच्या मध्यभागी स्लॅब सर्वांत जास्त लवतो. तुळईच्या वर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात तो कमी हलतो. दुसरी चालवण्याची पद्धत. जड गिअरवर उभे राहून जोर लावण्याऐवजी हलक्या गिअरवर बसून समगतीने पाय फिरवावेत. माळवदाच्या जुन्या वाड्यात मात्र वरच्या मजल्यावर ट्रेनर ठेवूच नये. तेथे लाकडावर मातीचा भार असतो. हादऱ्याने ती माती खाली झिरपते. अशा घरात तळमजल्यावरची फरशी बरी.

घरघरीचे मूळ बहुतेक वेळा टायरमध्ये सापडते. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींना उंच खाचांचे, डोंगरी वाटेचे टायर असतात. रोलरवर त्याचा प्रत्येक उंचवटा आपटतो. मागे गुळगुळीत टायर बसवावा, टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी आणि रोलर इतकाच आवळावा की चाक घसरणार नाही. साखळी पुसून तेल द्यावे, सारे नटबोल्ट तपासावेत. एवढ्यानेच निम्मे काम होते, असा माझा अनुभव आहे. यानंतर चटई. योगासनांची पातळ चटई ट्रेनरच्या चार पायांखाली पार चिरडून जाते, मग तिच्यात लवचीकपणा उरत नाही. त्यापेक्षा गुरांच्या गोठ्यात घालतात ती जाड रबरी चटई घ्यावी. तालुक्याच्या कोणत्याही शेतीसाहित्याच्या दुकानी मिळते. तीवर १८ मिलिमीटरचा प्लायवूड ठेवला की पायांचा भार पसरतो. पुढच्या चाकाखालीही हाच थर असावा. प्लायवूड भिंतीला टेकू देऊ नये. टेकला की हादरा तेथूनच वाट काढतो. घरगुती पिठाची गिरणी बसवणारा मिस्त्री हीच काळजी घेतो.

मागचे चाक काढून साखळी थेट यंत्राला जोडण्याचे ट्रेनर पुष्कळ शांत असतात, कारण टायरचे घर्षणच तेथे नसते. किंमत मात्र चढी, आणि पायडलचा धक्का त्यांतही उरतोच. तेव्हा सुरुवात टायर, जागा आणि चटईपासून करावी. मोठा खर्च शेवटी.

कायदाही याबाबत काही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र मोजली जाते ती दहापासून सकाळी सहापर्यंत. घरातल्या घरात नियमावली कोणी उघडत नाही; पण पाचऐवजी सव्वासहाला सायकल सुरू केली तर अर्धी भांडणे आपोआप मिटतात.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर सायकल दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतः खाली जाऊन बसावे. आई जेथे झोपते त्याच खाटेवर आडवे व्हावे. भिंतीला हात लावून पाहावा, कपाटातल्या बरण्यांकडे कान द्यावा. वर दहा मिनिटे पायडल चालले आणि बरण्या गप्प राहिल्या, तर पुढचा खर्च करण्याचे कारण नाही.