चौल येथील झिलईदार खापरे आणि कालनिर्णयाचा प्रश्न

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने रायगड जिल्ह्यातील चौल येथे केलेल्या उत्खननात पश्चिम आशियाई नीलहरित झिलईची खापरे आढळली. अल्-मसूदीने हिजरी ३०४ (इ.स. ९१६-१७) मध्ये पाहिलेले ‘सैमूर’ बंदर ते हेच होय. क्षारयुक्त झिलईत मिसळलेल्या तांब्यामुळे हा रंग येतो. तथापि इराक-इराणमध्ये अशी भांडी सासानी काळापासून अब्बासी काळापर्यंत घडत राहिली. त्यामुळे केवळ रंगावरून त्यांचा काळ ठरत नाही. त्याच थरात पांढऱ्या अस्तरावर रेषा कोरून शिशाची झिलई दिलेली खापरे मिळाल्यास तो थर साधारणतः दहाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा मानता येतो. म्हणूनच प्रत्येक खापराची थरनिहाय नोंद अत्यावश्यक ठरते. थर अज्ञात असलेले खापर कितीही देखणे असले, तरी चौलच्या सागरी व्यापाराचा काळ ते सांगू शकत नाही.