मोबाईलवरचा गेम : वेळ बघाल, तसा प्रकारही बघा

शाळेला सुट्टी लागली की घरोघरी एकच वाद सुरू होतो. अम्मी म्हणते, "मोबाईल ठेव." मुलगा म्हणतो, "फक्त पाच मिनिटं!" या वादात आपण किती वेळ खेळला ते विचारतो, पण काय खेळला हे क्वचितच पाहतो. खरे तर सगळे गेम सारखे नसतात. काही गेममध्ये वस्तू खऱ्या जगातल्यासारख्या पडतात, झोके घेतात, घरंगळतात आणि कोसळतात. त्यांची चाल ओळखून कोडे सोडवायचे असते. शाळेच्या पुस्तकातले गुरुत्वाकर्षण, वेग आणि घर्षण इथे बोटाखाली येते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा 'अँग्री बर्ड्स'. तो डिसेंबर 2009 मध्ये आला. बेचकी ताणायची, पक्षी सोडायचा आणि समोरचा ढाचा पाडायचा, एवढाच खेळ. पण सोडलेला पक्षी वर चढतो, वळतो आणि खाली येतो, तो मैदानात फेकलेल्या चेंडूसारखाच. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऱ्हेट अलेन यांनी ही चाल पडद्यावर मोजून पाहिली. पक्ष्याचा आडवा वेग कायम राहतो आणि खाली येण्याचा वेग ठराविक दराने वाढत जातो, असे त्यांना दिसले. गेममधले गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतके धरले, तर ती बेचकी सुमारे पाच मीटर उंच निघते!

ही किमया गणिताची आहे. संगणक सेकंदाला अनेक वेळा प्रत्येक वस्तूची जागा आणि वेग नव्याने काढतो, टक्कर झाली का ते तपासतो. 'अँग्री बर्ड्स'मध्ये हे काम एरिन कॅटो यांनी लिहिलेला 'बॉक्सटूडी' हा प्रोग्रॅम करतो. तो त्यांनी सर्वांसाठी मोफत खुला ठेवला आहे.

2010 मध्ये आलेल्या 'कट द रोप'मध्ये दोरीला टांगलेली गोळी एका छोट्या प्राण्याच्या तोंडात पाडायची असते. झोका टोकाला असताना दोरी कापली तर गोळी सरळ खाली पडते, कारण त्या क्षणी तिचा वेग शून्य असतो. झोका सर्वांत खाली असताना कापली तर ती पुढे फेकली जाते. 'वर्ल्ड ऑफ गू' (2008) मध्ये चिकट गोळे जोडून पूल आणि मनोरे उभारायचे असतात. त्रिकोणांनी बांधलेला मनोरा तग धरतो, चौकोनांचा डुलू लागतो, हे मूल दोन-चार पडझडींतच शिकते.

या खेळांतली मोठी गोष्ट म्हणजे चूक करण्याची मुभा. जुन्या 'अँग्री बर्ड्स'मध्ये डाव फसला तर लगेच पुन्हा खेळता येई. आधीच्या पक्ष्याचा मार्ग ठिपक्यांनी आकाशात तसाच दिसे. तो बघून मूल ठरवी, आता थोडे वर की थोडे कमी ताणायचे? अंदाज, प्रयोग, निरीक्षण आणि सुधारणा, प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात?

पण इथेच पालकांनी सावध व्हावे. 2015 च्या 'अँग्री बर्ड्स 2'मध्ये खेळायला मोजके 'जीव' मिळतात. ते संपले की थांबा, नाहीतर गेममधली रत्ने खर्च करा. ती रत्ने खऱ्या पैशांनीही विकत मिळतात. आधी फुकट असलेली दुसरी संधी इथे विक्रीला आली. मग मूल विचार करण्याऐवजी हट्ट करू लागते. म्हणून गेम देण्याआधी स्वतः दहा मिनिटे खेळून पाहा. हरल्यावर तो पुन्हा विचार करायला लावतो की पैसे मागतो? दर डावाला जाहिरात येते का? आणि फोनमधल्या खरेदीला पासवर्ड लावायला विसरू नका.

मुलासोबत बसलात तर आणखी एक करा. दोरी कापण्याआधी विचारा, "गोळी कुठे पडेल? बोट ठेवून दाखव." अंदाज चुकला तर "का बरं?" एवढेच विचारा, उत्तर लगेच सांगू नका.

मग फोन बाजूला ठेवून तोच खेळ घरात मांडा. दोरीला किल्ली बांधून छोटा झोका द्या आणि दहा झोक्यांचा वेळ मोजा. आता त्याच दोरीला जड कुलूप बांधा. वेळ जवळजवळ तेवढाच राहील! दोरी चौथाई केली, तर मात्र वेळ निम्मा होईल. झाडूच्या काड्या कणकेच्या गोळ्यांनी जोडून एक चौकोन आणि एक त्रिकोण करा. कोपऱ्यातून दाबले की चौकोन तिरका होतो, त्रिकोण सहज आकार सोडत नाही. कॅरम काढा आणि स्ट्रायकर मारण्याआधी सोंगटी कुठे जाईल ते बहीण-भावांना सांगायला लावा. पावडर टाकल्यावर काय बदलले, हेही त्यांनाच शोधू द्या.