उपचारातील हलगर्जीपणा : भरपाईचा मार्ग

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995च्या निकालानुसार पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. सर्वांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालये मात्र त्याबाहेर राहतात. तक्रार घटनेपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. उशिरासाठी सबळ कारण दाखवावे लागते. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. येथे मागितलेली भरपाई नव्हे, तर भरलेले बिल मोजले जाते. त्यामुळे बहुतेक प्रकरणे जिल्ह्यातच सुरू होतात.

खरी कसोटी पुराव्याची. रुग्ण दगावला किंवा गुण आला नाही, एवढ्याने हलगर्जीपणा ठरत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली नाही, आणि इजा त्यामुळेच झाली, हे दाखवावे लागते. दुसरा दुवा अनेकदा निसटतो. त्यासाठी सहसा तज्ज्ञाचे मत लागते. पोटात कापसाचा बोळा राहिल्यासारख्या ढळढळीत चुकीत ते दर वेळी आवश्यक नसते. केसपेपर मागितल्यापासून 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करून पोच घेतलेली बरी.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या निकालानुसार, घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो.