कथानक आणि गोषवारा

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त काही घडतच नाही, ही तक्रार अजूनही ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा व्यासंगी वाचक असतात. म्हणूनच तिचा विचार करावयास हवा. एकामागून एक घडलेल्या प्रसंगांची यादी म्हणजे कथानक, अशी समजूत तिच्या मुळाशी आहे. परीक्षार्थींची मार्गदर्शके तर याच समजुतीवर चालतात. वास्तविक प्रसंगांचा क्रम ही झाली नुसती गोष्ट. एका प्रसंगातून दुसरा का निघावा, लेखकाने तो आधी सांगावा की मागाहून, या बांधणीला कथानक म्हणावयाचे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या घटकांत कथानकाला अग्रस्थान दिले ते याच अर्थाने.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्या. १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. आठवड्या-आठवड्याचे लेखन, त्यामुळे पाल्हाळ पुष्कळ. यमूचे बालपण, सासर, मुंबईतील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य, सक्तीचे केशवपन, एवढाच तिचा गोषवारा. पण ही हकिकत यमू स्वतः, आणि मागे वळून सांगते. त्यामुळे मुंबईच्या सुखी पानांवरही पुढल्या अनर्थाची सावली पडते. तीच एखाद्या तिऱ्हाइताने तारीखवार सांगितली असती, तर सुधारणेवरील आणखी एक निबंध तेवढा हाती आला असता. शिवाय रघुनाथरावांचा मृत्यू हे केवळ निमित्त आहे. खरे कारण घरातील पुरुषांच्या अनिर्बंध सत्तेत आहे, आणि ती हरिभाऊंनी माहेरच्या साध्यासुध्या प्रसंगांतून आरंभापासूनच दाखवून ठेवली आहे. पाल्हाळाला क्षमा करावी ती एवढ्यासाठी.

१९६३ च्या ‘कोसला’तही सांगणारा नायकच आहे. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो, अपयश घेऊन घरी परततो. कार्यकारणाची साखळी येथे जाणूनबुजून सैल सोडलेली आहे. परंतु धाकट्या मनीचा देवीने झालेला मृत्यू क्षणभर वगळून पाहावा. तो कोणाच्या कृत्याचे फळ नाही, त्यातून पुढे कसले रहस्यही उलगडत नाही. तरीही आधीचा टवाळ सूर त्यानंतर पूर्वीसारखा कानी पडत नाही. या घटनेतून दुसरी घटना निघत नाही, निवेदकाचा स्वर मात्र बदलतो. हीही बांधणीच आहे, आणि हरिभाऊंच्या बांधणीहून ती अधिक अवघड आहे असे माझे मत आहे.

‘कथानक थोडक्यात लिहा’ असा प्रश्न घालणाऱ्या परीक्षकांनी एकदा निराळे विचारून पाहावे: मनीचा मृत्यू पहिल्याच प्रकरणात आला असता तर काय झाले असते? याचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. विद्यार्थ्याला कादंबरीच वाचावी लागेल.