एक टेबल, दोन पेन्शन

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा, सरकारी नोकरीच का? उत्तरात ‘पेन्शन’ येणारच. घरचेही तेच ऐकवतात. पण थांबा. तुमच्या काकांना मिळणारी पेन्शन आणि तुम्हाला मिळेल ती, यात बराच फरक आहे.

महाराष्ट्रातली सीमारेषा आहे १ नोव्हेंबर २००५. त्याआधी रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन. म्हणजे पूर्ण सेवा झाली असेल तर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाईवाढ, तहहयात. त्यासाठी पगारातून कपात शून्य. पेन्शन ही सरकारची मेहरबानी नाही, हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच नाकरा खटल्यात सांगितलं होतं. पण हा पैसा थेट सरकारी तिजोरीतून जायचा. माणसांचं आयुष्य वाढलं, पगार वाढले आणि बोजा फुगत गेला. मग केंद्रानं २००४ पासून नव्या भरतीसाठी (सैन्यदलं सोडून) एनपीएस आणली. राज्यंही त्याच वाटेनं गेली.

एनपीएसमध्ये दरमहा तुमचे १० टक्के, सरकारचे १४ टक्के. ते बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतल्या किमान ४० टक्क्यांची अॅन्युइटी घ्यायची, त्यातून पेन्शन. किती? ते आज कुणीच सांगू शकत नाही. पूर्वी पेन्शनचा आकडा ठरलेला होता, आता फक्त हप्ता ठरलेला आहे.

म्हणजे ऑक्टोबरात रुजू झालेला एक आणि नोव्हेंबरातला दुसरा. टेबल एकच, काम एकच, म्हातारपण मात्र वेगळं. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते उगाच नाही. पुढे २०२४ मध्ये, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधीची होती, त्यांना सरकारनं जुन्या पेन्शनचा पर्याय दिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची यूपीएस आली, दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानंही तिला मंजुरी दिली. यात १० टक्के कपात राहते, पण शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी मिळते. मेख एकच, ती २५ वर्षं सेवा झालेल्यांना. राज्यात बहुतेक पदांची निवृत्ती ५८ ला. ‘अजून एक अटेम्प्ट’ करत पस्तिशीत लागलात, तर या सूत्रानं भरतात २३ वर्षं, आणि पेन्शन ५० ऐवजी ४६ टक्के.